गावचा मास्तर नेमका कशामुळे पुढारी व्हायचा?

वसरीवरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या गावची सरकारी प्राथमिक शाळा पट कमी झाला म्हणून यंदा शेजारच्या गावातल्या शाळेत विलीन केली. त्या निमित्ताने गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो तो आमच्या जुन्या मास्तरांबद्दल लिहायला लागलाय. सगळं एका साच्यातलं. मास्तर देवमाणूस, मास्तरांनी आम्हाला घडवलं, खाली हात जोडलेले दहा इमोजी. खोटं कोणी लिहीत नाहीये, पण त्यातून मास्तर काही दिसत नाहीत. म्हणून म्हटलं इथे सविस्तर लिहावं. नाव देत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. डिचोली तालुका, एवढं पुरे.

मास्तर मूळचे सावंतवाडीकडले. गोवा पोर्तुगीजांकडून मुक्त झाल्यावर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने वाड्यावाड्यावर मराठी शाळा उघडायचा धडाका लावला त्या लाटेत आले. इमारत वगैरे काही नाही, देवळाच्या अग्रशाळेत चारही इयत्ता एकत्र, जत्रा असली की अग्रशाळा पाहुण्यांना आणि शाळा आंब्याखाली. हे सगळं तुम्हा लोकांना माहीत असेल, गोव्यात निम्म्या शाळा अशाच सुरू झाल्यात.

मला लिहायचंय ते शाळा सुटल्यानंतरचं. मास्तर ज्या घरात भाड्याने राहायचे त्याच्या वसरीवर (ओसरीवर) दिवेलागणीला माणसं येऊन बसायची. कोणाला मामलेदाराकडून नोटीस आलीय, कोणाचा मुलगा मुंबईला आगबोटीवर आहे त्याचं पत्र वाचून पाहिजे, कोणाला भाटकाराने (जमीनदाराने) घर सोड म्हणून सांगितलंय. आमचे आजोबा मुंडकार आणि कूळ दोन्ही, म्हणजे घर भाटकाराच्या जमिनीत आणि भातशेतीही त्याचीच. तर आजोबाही त्या वसरीवरचे नेहमीचे गिऱ्हाईक.

मास्तरांची एक अट असायची. अर्ज मी लिहून देतो पण खाली अंगठा चालणार नाही, सही करायची. सही येत नसेल तर आधी शिकायची, मग अर्ज. आजोबांना त्यांनी पाटीवर नाव गिरवायला लावलं. पन्नाशीचा माणूस, शेतातून आलेला, बोटं जाडजूड, पेन्सिल दोनदा मोडली म्हणे. आजी आतून हसत होती. शेवटी जी सही जमली ती आमच्याकडे अजून कागदांवर आहे, शेवटचं अक्षर ओळीच्या खाली घसरलेलं. प्रत्येक अर्जाची कार्बन कॉपी काढायची, कचेरीत गेल्यावर त्या कॉपीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही, ही दुसरी अट. ते कागद ठेवायला लोकांना बिस्किटांचे पत्र्याचे डबे सुचवले तेही मास्तरांनीच, वाळवीपासून वाचतात म्हणून.

मग सर्व्हे आला, एक-चौदाचे उतारे (गोव्याचा सातबारा) तयार व्हायला लागले. त्या वेळी मास्तरांनी घरोघर जाऊन सांगितलं की सर्व्हेवाला येईल त्या दिवशी शेतात उभं राहा, कुळाच्या रकान्यात नाव लागलंच पाहिजे, आणि घर असेल तर इतर हक्कांच्या रकान्यात मुंडकार म्हणून नोंद पाहिजे. १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती यांचा फायदा ज्यांना मिळाला त्यांना तो या दोन रकान्यांमुळे मिळाला. आमच्या वाड्यावर आज जे स्वतःच्या घरात राहतात त्यातले बहुतेक त्या नोंदींवर उभे आहेत.

माझं म्हणणं असं की मास्तर पुढारी झाले ते पाढे शिकवून नव्हे, कागद शिकवून. आणि आजच्या शाळेतले शिक्षक तसे का होत नाहीत हे समजून घ्यायचं असेल तर तिथूनच सुरुवात करायला हवी. तुमच्या गावात कसं होतं?

कारेरवाला

झक्कास लिहिलंय. आमच्या पेडण्याकडे पण सेम. फक्त आमचे मास्तर नाटकातले. जत्रेला दोन रात्री नाटक, तालीम शाळेतच, आणि गंमत म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याला पार्ट पाठ करायला मास्तर रात्री बसवायचे, त्यातून किती जण वाचायला शिकले! स्त्री पार्ट करणारा आमचा एक काका चौथी नापास, पण पल्लेदार संवाद असे म्हणायचा की बाहेरगावचे विचारायचे हा वकील आहे का.

फोंडेकरीण

चांगला विषय. पण मास्तरची ही जागा मुक्तीनंतर तयार झालेली नाही, त्याच्या कितीतरी आधीची आहे. पोर्तुगीज काळात सरकारी शाळा म्हणजे पोर्तुगीजमधून, प्रिमेर ग्राव, सेगुंद ग्राव (प्राथमिकचे दोन टप्पे) आणि पुढे पणजीला लिसेंव (माध्यमिक शाळा). नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण या भागात, बहुजन समाजातल्या पोराला तिथवर पोचायचा रस्ताच नव्हता. मराठी शाळा लोकांनी स्वतः चालवल्या. पणजीची मुष्टिफंड १९०८ ची, घराघरातून मूठ मूठ तांदूळ जमवून उभी राहिलेली, नावातच आहे ते. १९१० साली पोर्तुगालात राजेशाही गेली आणि प्रजासत्ताक आलं, त्यानंतर हिंदूंना जरा मोकळा श्वास घेता आला. लगेच १९११ साली आमच्या फोंड्यात दादा वैद्य आणि मंडळींनी गोवा विद्याप्रसारक मंडळ काढलं. शाळेला नाव दिलं आल्मेदा, म्हणजे आंतोनिओ जुझे द आल्मेदा या पोर्तुगीज प्रजासत्ताकवादी नेत्याचं, जो पुढे पोर्तुगालचा राष्ट्राध्यक्षही झाला. यातला चतुरपणा बघा. मराठी शिकवायचंय आणि पाटीवर सरकारातल्याच माणसाचं नाव, बंद कोण करणार?

खेड्यात तर मास्तरला पगार म्हणजे घरटी भात, नारळ, आणि जेवण वार लावून. त्यामुळे मास्तर गावाला बांधलेला होता. गावाने ठेवला तर राहणार नाहीतर दुसरं गाव. सरकारी पगार सुरू झाला आणि तो बांध सुटला, चांगल्या अर्थाने आणि वाईट अर्थानेही. वसरीवरचा यांच्या मास्तरांनी भाटकाराविरुद्ध अर्ज लिहून दिले ते शक्य झालं कारण त्यांचा पगार ट्रेझरीतून येत होता. भाटकाराच्या भातावर जगणारा पंतोजी असता तर त्याने असले अर्ज लिहिले असते का, याचा विचार करा.

वसरीवरचा

@फोंडेकरीण ताई, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, पटलं. भाटकाराच्याच माडीत भाड्याने राहत होते खरं तर, पण पहिला अर्ज गेल्यावर तिथून निघावं लागलं. मग ज्या वसरीचं मी म्हणतोय ती एका रेंदेराची (माडाची सूर काढणाऱ्याची).

सातेरीचो पूत

सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडं कडू बोलतो, राग मानू नका. आमच्या गावात पण मास्तर होते, नाटक होतं, सगळं होतं. आम्ही गावडे. माझा बाप शाळेत शेवटी बसायचा, गोणपाट घरून आणायचं, पाण्याच्या मडक्याला हात लावायचा नाही, कोणीतरी वरून ओतणार. आणि हे मुक्तीनंतरचं सांगतोय, जुन्या काळातलं नव्हे. मास्तर वाईट होते असं नाही. बापाला सही त्यांनीच शिकवली. पण गावचा पुढारी व्हायचं तर गावातल्या मोठ्या घरांना दुखवून होत नाही, मग मडक्याचा प्रश्न मास्तर काढत नाहीत. बाप चौथीत सुटला. छडीचा पण हात होता, आता लोक "त्या छडीनेच आम्ही माणसं झालो" वगैरे म्हणतात, बाप तसं कधी म्हणाला नाही.

गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला २००३ साली. मुक्तीला चाळीसेक वर्षं होऊन गेल्यावर. तोवर आमच्या पोरांनी कुठल्या कागदावर शिकायचं होतं ते सांगा.

वसरीवरचा

@सातेरीचो पूत, राग कसला, हेच तर त्या ग्रुपवर कोणी लिहीत नाही. आमच्या शाळेतही दोन मडकी होती असं आजी सांगायची. ती एक कधी झाली विचारलं तर म्हणाली नळ आला तेव्हा. म्हणजे मास्तरांनी नाही, नळाने केलं ते काम. मास्तर कुळांच्या बाजूने भाटकाराशी भांडले पण कुळाकुळांतल्या उतरंडीला त्यांनी हात लावला नाही, असंच दिसतं.

जुन्या बाई

मी निवृत्त शिक्षिका. सांगे आणि केपे भागात नोकरी झाली बहुतेक. मोबाईलवरून टाइप करतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या, सवय म्हणून मीच लाल पेनाने खुणा करीन नाहीतर.

मास्तर मास्तर चाललंय, बाईंचं कोणी बोलत नाही म्हणून लिहायला बसले. मी सत्तरच्या दशकात लागले तेव्हा वय वीस. पहिली नेमणूक जंगलाच्या कडेला, कारेर (बस) दिवसातून एक, तीही पावसाळ्यात अर्ध्या वाटेवर सोडणार. कदंबा महामंडळ १९८० चं, त्याआधी खाजगी कारेरवाल्याची मर्जी. राहायचं कुठे हा पहिला प्रश्न. पुरुष मास्तर कोणाच्याही वसरीवर पथारी टाकू शकतो, एकट्या मुलीला जागा कोण देणार. एका म्हाताऱ्या विधवा आजीने ठेवून घेतलं, तिच्या घरात मी काही वर्षं राहिले. तिथे वसरीवर पुरुष येऊन बसणार नाहीत, बायका येणार, त्याही मागच्या दारी, भांडी घासायच्या जागेजवळ. तिथे माझी शाळा भरायची म्हणा हवं तर.

बायकांचे प्रश्न अर्जाचे नसायचे. नवरा दारू पितो, रेशन कार्ड त्याने गहाण ठेवलंय. मुलीला पाळी आली म्हणून शाळेतून काढतायत. बाळंतपणाला डॉक्टरकडे न्यायचं तर सासू नको म्हणते. एकीला मी केप्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले होते, ट्रकच्या केबिनमध्ये बसवून, ड्रायव्हर सगळा रस्ता देवाचं नाव घेत होता, मुलगा झाला तो रस्त्यातच व्हायचा राहिला. मुली गळायच्या चौथीनंतर, कारण पाचवीसाठी चालत दुसऱ्या गावात जावं लागे. तिथे मी एक साधी गोष्ट केली, पाचवीला जाणाऱ्या पाच मुलींच्या घरी जाऊन सांगितलं की एकटी नाही, पाचही जणी एकत्र जातील, एकत्र येतील, मी सकाळी नाल्यापर्यंत सोडीन. पाचातल्या तिघी मॅट्रिक झाल्या. एक आता स्वतः अंगणवाडीत आहे.

पण मला कोणी कधी गावचा पुढारी म्हटलं? मुळीच नाही. गणेश चवथीच्या सार्वजनिक कार्यक्रमात भाषण हेडमास्तरांचं, हळदीकुंकू माझं. पंचायती गोव्यात १९६२ पासून आहेत, पण १९९४ च्या पंचायत राज कायद्याने बायकांना एक तृतीयांश जागा दिल्या तेव्हा कुठे माझ्या मागच्या दारी बसणाऱ्यांतली एक पंच झाली. पहिल्या मीटिंगचं इतिवृत्त वाचून दाखवायला माझ्याकडेच आली होती. तिला मी वाचून नाही दाखवलं, तिच्याकडूनच वाचून घेतलं, दोन तास लागले.

आणि वसरीवरचा, तुम्ही म्हणता आजचे शिक्षक तसे का होत नाहीत. बाबा रे, आजच्या शिक्षकाला बीएलओची (बूथ पातळीवरच्या निवडणूक अधिकाऱ्याची) ड्युटी, मतदार यादी, जनगणना, माध्यान्ह आहाराचा हिशेब, रोज काहीतरी ऑनलाइन भरायचं, आणि दर काही वर्षांनी बदली. गावात कोण कोणाचा हे कळेपर्यंत ऑर्डर येते. वर सरकारी नोकर म्हणून राजकारणात पडायचं नाही हा नियम आमच्या वेळीही होता पण तेव्हा कोणी बघत नव्हतं, आता एक व्हिडिओ निघाला की मेमो. त्यांना नावं ठेवू नका.

रगडा-पाव

बाई, नाल्यापर्यंत सोडायचं वाचून डोळ्यात पाणी आलं. तुम्ही वेगळा धागा काढा प्लीज.

आकडेमोड

एक बाजू राहून गेली. ६३ ते ६७ या काळात महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेले कर्मचारी आणि मराठी शाळांचे मास्तर यांच्याकडे गावातले सगळेच काही प्रेमाने बघत नव्हते. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश ठेवायचा. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१, फरक ३४,०२१ मतांचा. अनेक मास्तर उघड किंवा आडून विलीनीकरणवादी होते. म्हणजे ते जे पुढारीपण होतं त्याला एक राजकीय धार होती, ती विसरून फक्त समाजसेवा म्हणून बघणं अर्धवट होईल. शाळेत मराठी आणि घरात कोंकणी, मुलाच्या तोंडातली भाषा पाटीवर नाही, हाही मुद्दा आहेच.

कारेरवाला

आता धाग्याचा काश्मीर होणार 😀 पॉपकॉर्न घेऊन बसतो.

फोंडेकरीण

नको हो, १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून तोच वाद प्रत्येक धाग्यावर. एवढंच म्हणते की आमच्या घरी कोंकणी बोलायचो आणि भजन, नाटक, पोथी मराठीत, पिढ्यान् पिढ्या. मास्तर येऊन कोणी मराठी लादली असं आमच्याकडे तरी कोणाला वाटलं नाही. तिसवाडी, साष्टीत चित्र वेगळं असेल, त्यांना विचारा.

आकडेमोड

मान्य. वाद घालायचा नव्हता, फक्त मास्तर हवेत तरंगत नव्हता हे सांगायचं होतं.

काबिजादीतला

मास्तर आणि राजकारण म्हणताय तर मोहन रानड्यांना कसं विसरलात. मूळचे सांगलीचे, खरं नाव मनोहर आपटे. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला गोव्यात आले ते मराठी शिक्षक म्हणून. दिवसा शाळा आणि बाकी वेळ आझाद गोमंतक दल, म्हणजे पोर्तुगीजांविरुद्ध लढणारी सशस्त्र संघटना. १९५५ च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली, पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात ठेवलं. लक्षात घ्या, गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला आणि हा माणूस सुटला जानेवारी १९६९ मध्ये. मुक्तीनंतर सात वर्षं तुरुंगात. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपला भेटून त्यांच्या सुटकेसाठी शब्द टाकला होता, आणि रानडे सुटून येतात न येतात तोच अण्णादुराई वारले. २००१ ला पद्मश्री, २०१९ ला पुण्यात गेले.

आमच्याकडचे जुने लोक सांगतात की त्या काळात पोर्तुगीज पोलिसांना मराठी मास्तर दिसला की संशय. पाटी-पुस्तक घेऊन वाडीवाडीत फिरायला, कोणाच्याही घरी जायला कारण असलेला माणूस तोच एक.

वसरीवरचा

रानड्यांचं मोठेपण वादातीत. पण मला वाटतं ते वेगळ्या जातीचे पुढारी, शिक्षकी हा त्यांचा गावात शिरायचा दरवाजा. मी ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांच्यासाठी गाव हेच शेवटचं स्टेशन. त्यांच्या नावाने कुठे रस्ता नाही, आणि त्यांनी गाव बदललं ते वर्षाला दोन-तीन सातबारे, सॉरी, एक-चौदे या वेगाने. (सासुरवाडी कोल्हापूरची, सातबारा तोंडात बसलाय.)

खाणीकाठचा

डिचोली तालुका म्हणालात म्हणून विचारतो, तुमच्या गावात खाण होती का? कारण आमच्या गावात मास्तरचं पुढारीपण बीएलओने नाही संपवलं, ट्रकने संपवलं. चीनला माल जायला लागला तेव्हा गावात ज्याच्याकडे त्याच्याकडे टिपर, बँक दारात येऊन कर्ज देतेय. दहावीतला पोरगा सरांना विचारायचा सर तुमचा पगार किती, माझा भाऊ ट्रकवर त्याच्या डबल काढतो. काय उत्तर देणार तो सर. शेतात खाणीचा गाळ उतरला, ज्या शेताच्या एक-चौद्यावर मास्तरांनी नाव लावून दिलं होतं ते शेतच लाल झालं, नुकसानभरपाई घेऊन लोक गप्प. मग २०१२ ला खाणी बंद, परत थोड्या सुरू, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. ट्रक दारात उभे, हप्ते थकलेले. तेव्हा कर्जमाफीच्या योजनेचे अर्ज भरायला लोक कोणाकडे गेले असतील? त्याच निवृत्त सरांकडे, ज्यांना पगार विचारायचे. त्यांनी भरून दिले सगळ्यांचे. बोलले काही नाहीत, चष्मा मात्र जरा जोरात पुसायचे 😀

वसरीवरचा

@खाणीकाठचा, खाण आमच्या गावात नाही, ट्रकांचा रस्ता गावातून जायचा, धूळ आमची आणि पैसा पलीकडच्या गावाचा.

तुमच्या या पोस्टवरून माझंच म्हणणं मला नीट मांडता येईल असं वाटतंय. मी समजत होतो की लोक साक्षर झाले म्हणून मास्तरची गरज संपली. २०११ च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता ८८ टक्क्यांच्या वर, म्हणजे त्यांचं काम फत्ते झालं, त्यांची वसरी रिकामी व्हायलाच हवी होती, तिथे रडायचं कारण नाही. पण तसं झालेलं नाही. आमच्या वाड्यावरची ग्रॅज्युएट पोरं एक-चौदा मोबाईलवर काढतात आणि कुळाच्या रकान्यात आजोबांचं नाव बघून खूश होतात. त्यांना हे माहीत नाही की नुसतं नाव असणं म्हणजे मालकी पक्की नव्हे, मामलेदाराकडून खरेदीची किंमत ठरवून, ती भरून सनद घ्यायची असते, ती आजोबांनी घेतलीच नव्हती. मुंडकाराचंही तेच, घर आणि भोवतालची पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंतची जागा विकत घेता येते, पण अर्ज करायला लागतो आणि तो पन्नास वर्षं पडून आहे. अक्षरं सगळ्यांना वाचता येतात, कागद वाचता येत नाही.

आता ही कामं कोण करतं? पंचायतीजवळ झेरॉक्सवाला आहे, तो पन्नास रुपयांत ऑनलाइन फॉर्म भरून देतो. पोरगा चांगला आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण तो विचारत नाही की बाबा, हे कशासाठी पाहिजे, भाऊ किती, वाटणी झालीय का, भाटकाराचे वारस कुठे असतात. मास्तर आधी हेच विचारायचे, आणि निम्म्या वेळा अर्ज न लिहिताच सांगायचे की आधी भावाशी बोलून ये. त्यासाठी गावातच राहावं लागतं, कोणाच्या घरात काय चाललंय ते माहीत असावं लागतं.

जुन्या बाई

हे बरोबर बोललात. आणि बघा, ही काही शिक्षकानेच करायची गोष्ट नाही. माझी ती पंच झालेली विद्यार्थिनी हेच करते आता, तिला कोणी बाई म्हणत नाही एवढंच.

सातेरीचो पूत

सनदीचं लिहिलंत ते कामाचं. आमच्या घरी पण नाव आहे, सनद नाही. बघायला पाहिजे. बाकी मडक्याबद्दल उत्तर दिलंत, बरं वाटलं.

रगडा-पाव

एक प्रॅक्टिकल शंका. शाळा विलीन झाली म्हणताय, मग जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर कुठे गेलं? आमच्याकडे आजीच्या जन्मतारखेचा एकमेव पुरावा शाळेच्या रजिस्टरमधला होता, शाळा बंद झाल्यावर मिळता मिळेना.

जुन्या बाई

ज्या शाळेत विलीन झाली तिथे जातं, ती बंद असेल तर भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करायची. तोंडी विचारू नका, "बघतो" म्हणतील. लेखी अर्ज, त्यात शाळेचं नाव, प्रवेशाचं अंदाजे साल, वडिलांचं नाव, आणि इयत्ता आठवत असेल तर तीही. जुन्या रजिस्टरांत आडनाव बऱ्याचदा नसतं, वाड्याचं नाव असतं, ते लिहा, शोधायला सोपं जातं. पावसाच्या आधी जा. ही रजिस्टरं कपाटाच्या खालच्या कप्प्यात असतात आणि पहिलं पाणी तिथेच शिरतं.

वसरीवरचा

धन्यवाद बाई. आमचं रजिस्टर शेजारच्या गावात पोचलंय हे मुख्याध्यापिकेने फोनवर सांगितलं. पहिल्या पानापासून फोटो काढायची परवानगी मागितलीय, कार्यालयाकडून लेखी आणा म्हणाल्या. अर्ज टाइप केलाय, दोन प्रती. कोणाला मसुदा पाहिजे असेल तर इथे चिकटवतो.

रगडा-पाव

चिकटवा, चिकटवा. आजीच्या वाड्याचं नाव टाकून उद्याच देतो.